लेकरू आत, आई फाटकाबाहेर

घरी पाहुणे आले की आमचे हे चहाच्या आधीच सांगून टाकतात, "हिला शाळेचं काही विचारू नका, तुमची गाडी चुकेल." बोलणं खवचट असलं तरी खरं आहे. मी पूर्णेला एका छोट्या शाळेत बालवर्ग घेते. तीन-साडेतीन वर्षांची लेकरं, एक लांबट खोली, पुढं व्हरांडा, अंगणात कडुनिंब आणि एक लोखंडी फाटक, एवढाच आमचा कारभार. पण किस्से कसे साचतात म्हणता! बँकेतल्या माणसाला वर्षाकाठी एखादा मिळत असेल. आम्हाला जूनमधल्या एका सकाळी इतके मिळतात की शाळा सुटेपर्यंत निम्मे विसरूनही जातो.

जूनच का, तर जूनमध्ये ही लेकरं जन्मात पहिल्यांदा आईला सोडून राहतात. आत लेकरू रडतं, बाहेर आई डोळे पुसते, आणि मध्ये फाटक कुरकुरतं. स्टेशन आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या एका हमालानं मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "बाई, तुमच्या शाळेत लेकरायला लय मारायलेत काय?"

म्हटलं, "नाही हो, सांभाळायलोत."

यंदाच्या जूनमधले किस्से सांगते, कारण यंदा शंभू होता.

शंभूची आई रेखा. लग्न झालं, लेकरू झालं, आणि इतक्या वर्षांनी तिला परभणीला नर्सिंगच्या कोर्सला ॲडमिशन मिळाली. नवरा पुण्याकडं कंपनीत. घरी सासू कौसाबाई आणि कौसाबाईच्या शेळ्या. रेखा सकाळी शंभूला आमच्या फाटकात सोडून परभणीची पॅसेंजर धरायची. म्हणजे धरायला निघायची. शंभूनं भोकाड पसरलं की स्टेशनच्या जिन्यावरून परत यायची. असं होता होता तिच्या कोर्सच्या मॅडमनी सांगितलं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

त्या दिवशी ती व्हरांड्यात माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "बाई, ह्यो टिकला तर माझा कोर्स टिकतो. न्हाई तर शेळ्या हायेतच."

मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. बंद झालेलं पुस्तक तिनं पुन्हा उघडलं होतं आणि ते उघडं ठेवायचं की मिटायचं हे एका तीन वर्षांच्या रडक्या गड्याच्या हातात होतं. मी तिला म्हटलं, "तू जा, मी बघते." असं मी दर जूनमध्ये सगळ्यांनाच म्हणते. पुढं काय करायचं हे मलाही माहीत नसतं.

*

आमच्या मदतनीस चंद्रकलामावशी. त्यांचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्री बाजूला होतात, पण लेकरू कडेवर घेतलं की त्याच आवाजाला साय धरते. रडक्या लेकरांसाठी त्यांच्याकडं एक हुकमी उपाय होता. लेकरू कडेवर घ्यायचं, आभाळाकडं बोट करायचं आणि ओरडायचं, "आगं माय, इमान बघ, इमान!"

लेकरू वर बघायचं. मावशी आईला डोळ्यानं खुणवायच्या. लेकरानं मान खाली करेपर्यंत आई गल्लीच्या टोकाला. आता पूर्णेवरून विमान जाऊन जाऊन जाणार कधी? पण आमच्या अंगणावरून त्या आठवड्यात जेवढी विमानं गेली, तेवढी मुंबईवरूनही जात नसतील.

मग एके दिवशी पर्यवेक्षिका मॅडम आल्या. शांत बाई, कडक इस्त्रीची साडी. लेकरं कडुनिंबाखाली गोलात बसलेली, कोणीही रडत नव्हतं, मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. मॅडम प्रेमानं म्हणाल्या, "मुलांनो, वर बघा बरं सगळे. आकाशाचा रंग कोणता?"

एकानंही वर बघितलं नाही. एकानं मॅडमच्या साडीच्या निऱ्या धरल्या, दोघांनी मावशींचे पाय धरले, एकीनं माझा पदर. ज्याला माणूस मिळालं नाही त्यानं कडुनिंबाला मिठी मारली. आणि मग सगळ्यांनी एकदम सूर लावला. वर बघितलं की जवळचं माणूस गायब होतं, हे त्यांना आम्हीच तर शिकवलं होतं.

मॅडम निऱ्या सोडवत सोडवत म्हणाल्या, "निळा, एवढंच उत्तर होतं हो. इतकं अवघड होतं का?"

त्या दिवसापासून विमानं बंद. नियम केला, कोणत्याही आईनं चोरून पळायचं नाही. लेकराच्या तोंडाकडं बघायचं, सांगायचं, मगच निघायचं. रडलं तर रडू दे, पण आपल्याला फसवलं असं त्याला वाटायला नको. मावशींना हे काही पटलं नाही. "मंग मी काय करू आता?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "खरंखुरं विमान आलं तर दाखवा."

*

पुढचा प्रयोग माझा होता. पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "उद्या मुलांसोबत आईचं काहीतरी पाठवा. जवळ असलं की त्यांना धीर येतो." मला वाटलं, रुमाल येतील, जुन्या साडीचे तुकडे येतील. आलेही. एका आईनं आपला पावडरचा डबा पाठवला. तो फरशीवर सांडला आणि त्या दिवशी सगळ्या वर्गाला एकाच आईचा वास आला.

पण ओमच्या वडिलांनी काय पाठवावं? ते कचेरीत कारकून. त्यांनी ओमच्या आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स पाठवली. दोन प्रती, खाली सही करून. मी फोन केला तर म्हणाले, "सगळीकडं हेच मागतात ना हो बाई. पासपोर्ट फोटो पण लावायचा होता का?"

मी हसून कागद बाजूला ठेवणार, तोवर ओमनं त्यातला एक ओढून घेतला. आधीच आधार कार्डावरचा फोटो, त्यात त्याची झेरॉक्स. त्यातली बाई कोण हे खुद्द त्या बाईलाही सांगता आलं नसतं. ओमनं त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं, "आई" म्हणाला, कागद छातीशी धरला आणि दिवसभर रडला नाही. दुसरी प्रत मावशींनी कपाटात जपून ठेवली. म्हणाल्या, "एक आई भिजली तर दुसरी आसू द्या."

अलीनाची गोष्ट वेगळी. तिनं पिशवीतून चप्पल काढली. एकच. बायकांची, डाव्या पायाची. मांडीवर घेऊन मजेत बसली.

"अलीना, ही कुणाची?"

"अम्मी की."

"अगं, मग एकच कशाला आणलीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की ह्या बाईला एवढंही कळू नये! म्हणाली, "एक मेरे कने हाय. अब अम्मी किदर जाती?"

तिची अम्मी ब्लाउज शिवते. घरोघरी मापं घ्यायला जायचं असतं. थोड्या वेळानं ती फाटकाशी आली, एका पायात चप्पल, दुसरा पाय तापलेल्या रस्त्यावरून उचलून धरलेला. अलीना चप्पल सोडेना. ओढायला गेलं की किंचाळायची. शेवटी अम्मी मावशींच्या चपला घालून गेली. त्यामुळं त्या दिवशी मावशी शाळेतून कुठंही हलू शकल्या नाहीत, आणि हेही अलीनानं नीट बघून ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या चपला मी कपाटावर ठेवल्या.

आणि शंभू? रेखानं त्याच्याबरोबर आपली जुनी ओढणी दिली होती. शंभूनं तिला नाक पुसलं आणि रडणं पुढं चालू ठेवलं.

*

ह्या वयात घड्याळ कळत नाही. "आई बारा वाजता येईल" ह्याचा लेकराला काही उपयोग नसतो. म्हणून आम्ही गाडीचा भोंगा धरला. आमची शाळा सुटायच्या सुमाराला एक एक्सप्रेस येते आणि पुलाशी लांब भोंगा देते. "भोंगा वाजला की आई," असं आम्ही ठरवून टाकलं. लेकरांना ते पटलं. रडता रडता मध्येच थांबून कान देऊ लागली.

सगळ्यांत जास्त पटलं ते सोहमला. त्याचे वडील रेल्वेत पॉइंट्समन. एके दिवशी गाडी लेट झाली. आया आपल्या वेळेवर आल्या. लेकरं धावली, सोहम जागचा उठला नाही.

त्याची आई म्हणाली, "सोहम, चल की रे."

"गाडी आली का?"

"लेट हाय आज."

"मंग तू कशी काय आलीस?"

"आरं, घरी भाकरी थंड व्हायलीय."

"गाडी आल्यावर ये," सोहम म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. रेल्वेच्या माणसाचं लेकरू, नियम म्हणजे नियम. ती माउली कडुनिंबाखाली बसून राहिली, मीही बसले, मावशींनी आम्हाला चहा करून दिला. बऱ्याच वेळानं भोंगा वाजला. सोहमनं दप्तर उचललं, बाहेर आला आणि समोरच बसलेल्या आईला म्हणाला, "आलीस व्हय?"

पुढं त्याला अनाउन्समेंटचा नाद लागला. खुर्चीवर उभा राहायचा, पाण्याची बाटली तोंडासमोर धरायचा आणि कोणाची आई कुठवर आली ते सांगायचा. एका सकाळी शंभूचं रडणं टिपेला पोचलं होतं. सोहम खुर्चीवर चढला.

"कृपया इकडं ध्यान द्या. शंभूची आई परभनीहून येनार हाय. आई उशिरानं धावायलीय. तुमाला तरास झाला, आमी दिलगीर हाओत."

शंभू थांबला. तोवर त्यानं शाळेत रडण्याखेरीज तोंड उघडलेलं नव्हतं, त्याचा आवाज कसा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यानं नाक वर ओढलं, सोहमकडं बघितलं आणि विचारलं, "कोनत्या फलाटावर?"

शाळा सुटल्यावर मी रेखाला फोन करून हे सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "बाई, फिरून एकदा सांगा की, कसं म्हन्ला त्यो?"

*

आता जरा आजोबांचं सांगते. शिवांशचे आजोबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. शिवांश एकटा बसेना, म्हणून मी त्यांना म्हटलं, थोडे दिवस वर्गात बसा. बसले. त्या बुटक्या खुर्चीत बसले की त्यांचे गुडघे कानाला लागायचे.

शिवांश लवकर रुळला. आजोबा मात्र येत राहिले. मी चित्र दाखवून "हा कोण?" विचारलं की लेकरांच्या आधी हात वर करून "हत्ती" म्हणायचे. गाणं म्हणताना सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्या. एकदा माझ्याकडं तक्रार घेऊन आले, "बाई, हा ओम मला ढकलायलाय."

शेवटी मी हिंमत केली. "आजोबा, शिवांश आता छान राहतो. उद्यापासून तुम्ही घरी आराम केलात तरी चालेल."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, आता हेही रडतात की काय. आपली बुटकी खुर्ची भिंतीशी लावून निघून गेले. मला दिवसभर कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून आली. हातात दोन डबे. म्हणाली, "बाई, पाया पडते, मामंजीला काढू नका. रिटायर झाल्यापासनं घरात कुनाला एका जागी उभं राहू देत न्हाईत. पुढं सरका, पुढं सरका. स्वयंपाकघरात पन पुढं सरका. आत्ता कुठं जरा निवांत झालं हुतं."

"अहो पण..."

"ह्यो लेकराचा डबा. आन् ह्यो त्यांचा."

डब्यासकट ठेवून घेतलं त्यांना. आता शाळा सुटताना फाटकाशी लेकरांची रांग तेच लावतात. सुट्टे नाहीत म्हणून अजून तरी कोणाला उतरवलेलं नाही.

*

शंभूची आजी कौसाबाई हे आमचे सगळे प्रयोग फाटकाबाहेरून बघायची. रोज सकाळी रेखाबरोबर यायची, दुपारी शंभूला न्यायला यायची, आणि दोन्ही वेळी आमच्याकडं बघून मान हलवायची. सुनेनं शिकावं असं तिला मनापासून वाटत होतं. "माझं आयुष्य शेळ्यामागं गेलं, हिचं कामून जावं?" असं ती मला म्हणाली होती. पण आमच्या शाळेवर तिचा भरवसा नव्हता.

"तुमी लय कागद-चपला करून बघितल्या बाई," एक दिवस म्हणाली. "लेकरू करडावानी आसतंय. एकटं ठिवलं की वरडतंय. जोडीला जोड दिली की गप."

आणि दुसऱ्या दिवशी काखेत करडू घेऊन आली. काळंभोर, कान तेवढे पांढरे. वर्गात सोडलं. लेकरं जागच्या जागी चिडीचूप. करडानं चारी बाजूंना बघितलं, आई कुठं दिसेना, आणि बें बें करून गळा काढला.

मग मी जे बघितलं ते माझ्या नोकरीत कधी बघितलं नव्हतं. सगळी रडकी मंडळी उठून करडाची समजूत घालायला लागली. "रडू नको, भोंगा वाजला की येती तुझी आई." अलीनानं त्याला आपल्या ताब्यातली चप्पल दिली. शंभूनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ओमनं तर मोठ्या मनानं आपली झेरॉक्स त्याच्या तोंडासमोर धरली.

करडानं ती खाल्ली.

ओम माझ्याकडं आला. रडला नाही, फक्त रिपोर्ट दिला. "बाई, करडानं माझी आई खाल्ली."

मावशींनी कपाटातून दुसरी आई काढून दिली.

इथवर सगळं छान होतं. कौसाबाई व्हरांड्यात तोऱ्यात बसली होती. तेवढ्यात तिची शेळी दावं तोडून आली. फाटकाला धडक दिली, सरळ वर्गात घुसली, करडू तिच्या पोटाखाली शिरलं, चुटुचुटु प्यायलं आणि दोघं रुबाबात निघून गेली. सगळ्यांच्या नजरा रिकाम्या दारावर.

शंभू म्हणाला, "त्याची आई आली."

बस, एवढंच. ज्यांचं रडणं बंद होऊन आठवडा झाला होता, तीसुद्धा आडवी पडून रडली. स्टेशनवरचा तो हमाल चौकशीला आला. कौसाबाईनं पदर झटकला आणि म्हणाली, "आसं हुईल आसं वाटलं न्हवतं बाप्पा."

*

जुलै लागला. एकेक लेकरू रुळलं. शंभूचंही रडणं थांबलं, पण त्याच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं.

नियमाप्रमाणं रेखा फाटकात गुडघ्यावर बसायची, त्याच्या तोंडाकडं बघायची, त्याचा पापा घ्यायची, म्हणायची, "शंभू, येते हं बाळा," आणि निघायची. शंभू रडायचा नाही. फाटकाच्या आत एक दगड आहे, त्यावर बसायचा, गज धरायचा आणि रस्त्याकडं बघत राहायचा. खेळायला येत नव्हता, डबा उघडत नव्हता. सोहमची अनाउन्समेंटही त्यानं ऐकणं सोडलं होतं. आजी न्यायला येईपर्यंत तसाच.

रेखा गल्लीच्या वळणावरून मागं वळून बघायची आणि तिला तो गजांतून दिसायचा. "रडत आसता तर गेले आसते बाई," ती म्हणाली. "आसं वाट बघत बसलेलं बघवत न्हाई." पुन्हा ती वळणावरून परत यायला लागली, पुन्हा गाड्या चुकल्या. मग तिच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आता एक जरी खाडा झाला तर नाव कमी.

मी शंभूजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, "चल ना रे आत. ठोकळे काढलेत."

"न्हाई. आई यायलीय."

"आई परभणीला गेलीय ना राजा?"

"न्हाई," तो म्हणाला. मग माझी कीव आल्यासारखं समजावून सांगितलं, "येते म्हन्ली. येते म्हन्ली ना ती?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. बाकीच्या आया बाय म्हणतात, टाटा करतात. कौसाबाईच्या घरात हे बाय-टाटा चालत नाही. तिथं निघणारं माणूस येते म्हणतं. ते लेकरू आईच्या शब्दावर विश्वास ठेवून रोज तिची वाट बघत होतं. येते म्हणाली म्हणजे आत्ता येणार, ह्यात त्याचं काय चुकलं?

दुपारी कौसाबाई आली, तेव्हा मी तिला हे समजावलं. म्हटलं, "उद्या रेखाला सांगा, सरळ 'जाते' म्हण."

कौसाबाईनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्याल्या. उंबऱ्यातनं निघताना जाते म्हन्तात का कुठं? गेला कुनाला म्हन्तात ते माहीत हाय ना तुमाला? माझा लेक पुन्याला, सून रोज रेल्वेत. मी न्हाई आसलं तोंडातनं काढू देनार."

तिचं मला हसू आलं नाही, कारण माझ्याही तोंडातून तो शब्द कधी निघालेला नाही. आमचे हे कोपऱ्यावर भाजी आणायला निघाले तरी येतो म्हणतात. मग मधला रस्ता काढला, "जाऊन येते." कौसाबाईला तो चालला. दुसऱ्या दिवशी रेखानं तसं म्हटलं. शंभूनं त्यातला शेवटचा शब्द ठेवून घेतला आणि दगडावर जाऊन बसला. रेखा त्या दिवशी कशी गेली तिचं तिला माहीत. जाताना तोंडात पदर होता.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "बाई, उद्या म्हन्ते मी. आत्याबाईला कानात बोटं घाला म्हनावं."

सकाळी सगळे फाटकाशी. मावशी दुसऱ्या एका लेकराला कडेवर घेऊन दारात. आजोबा रांग लावायची सोडून उभे. कौसाबाईनं कानावरून पदर गच्च गुंडाळला होता, पण डोळे उघडे होते. रेखा गुडघ्यावर बसली.

"शंभू, मी परभनीला... शाळेला... मी जा..."

पुढचं अक्षर येईना. तिनं पुन्हा सुरुवात केली. "मी जा..." शंभू तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. स्टेशनवर पॅसेंजरची घोषणा झालेली आम्हाला इथं ऐकू आली. रेखाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती तशीच बसून राहिली. मला वाटलं, संपलं. आजची हजेरी गेली, आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं.

शंभूनं आईच्या गालावरचं पाणी तळव्यानं पुसलं आणि म्हणाला, "जा."

कौसाबाईनं कानावरचा पदर ओढून काढला. म्हणजे सगळं ऐकू येतच होतं. "आरं, आईला जा म्हन्तेत का? ये म्हन, लेकरा, ये म्हन तिला."

"आजी," शंभू म्हणाला, "आधी जाऊ तर दे तिला. गेल्याबिगर येईल कशी?"

आणि आपली पाण्याची बाटली घेऊन तो आत ठोकळ्यांकडं गेला.

रेखा उठली, साडीचा घोळ हातात धरून जी पळत सुटली, ती वळणावर थांबली नाही, तिनं मागंही बघितलं नाही. थोड्या वेळानं गाडी सुटल्याचा आवाज आला. गल्ली रिकामी होती.

मावशींनी दारातून हळूच विचारलं, "आजी, रेखा... निघाली का हो?"

कौसाबाई वळणाकडं बघत उभी होती.

"गेली," ती म्हणाली. मग फाटकाचे गज धरून आत डोकावली. "शंभ्या, बराबर म्हन्ले का रे?"